फिलूबायनं न केलेली सही

आमच्या वाडीत कुणी काही फुकट वाटायला आलं, की आजही एखादी बाई दारातच म्हणते, "फिलूबाय आसती तर आदी कागद वाचल्यान असतो." एवढं म्हणून ती वस्तू घेते आणि सही करून मोकळी होते. पण म्हणते खरी.

फिलूबाय म्हणजे फिलोमेना, देवबागेतली माझी शेजारीण. मी नांदगावची. हायवेवरच्या ट्रकांचे आवाज ऐकत वाढले आणि लग्न होऊन या वाळूच्या पट्टीवर आले, जिथे पुढच्या दारातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी फिलूबाय मला बघायला आली. केळीच्या पानात बांधलेली तांदळाची वाफवलेली गरम सान्नां माझ्या हातात दिली, मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "घोव काय करता म्हणान सांगितल्यानी तुका?"

मी म्हटलं, "बोट आहे त्यांची. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात."

"बोट बघितलंस?"

"नाही अजून."

"मगे आदी बघून ये. कागद पण बघ."

बोट होती. पण कागदावर ती अर्धी दिरांच्या नावावर होती. हे घरातल्या कुणी मला सांगितलं नव्हतं. ते मला फिलूबायमुळे तिसऱ्याच दिवशी कळलं. नवरा आठवडाभर तिच्यावर रागावून होता. मी मात्र त्या दिवसापासून तिची झाले.

ती ठेंगणी होती. घरात फुलाफुलांचा सैल ड्रेस आणि त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची. नवरा, जुजे, मोठ्या बोटीवर खलाशी होता. मी येण्याच्या कितीतरी आधी तो कामावर असतानाच वारला होता. एकुलती एक लेक लीना नर्स होऊन आयर्लंडला गेली होती. स्वतः फिलूबायनं चर्चच्या बोर्डिंगात मुलांचा स्वयंपाक करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, तीही सगळी लाकडाच्या चुलीवर. तिचे डोळे कायम बारीक केलेले असत. ते धुरानं तसे झाले होते की स्वभावानं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी अंगणात उभं राहून ती वाडीतल्या कौलांवरचा धूर बघायची आणि सांगायची, "आज सुशीलान ओलां लाकूड लायलां. खोकतली आता दिसभर." आणि पाच मिनिटांत पलीकडून सुशीलाचा खोकला ऐकू यायचा.

फिलूबायच्या संशयाला कुणी अपवाद नव्हता. एसटीचं तिकीट ती उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवी आणि उतरताना तारीख वाची. साबणाची वडी दुकानातच अर्धी कापून आत बघे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तर "ही तुमी स्वतः घेतलास कधी?" असं विचारी. आणि गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय घरात घेत नसे.

तो प्रसंग मी डोळ्यांनी बघितलाय. मासे तोलायचा लोंबता काटा तिनं पडवीच्या वाशाला बांधून ठेवला होता. सिलिंडरवाला टेम्पो घेऊन आला, की त्यानंच सिलिंडर उचलून काट्याला लावायचा. एकदा एक नवा माणूस आला. त्याला राग आला. "एवढ्या वर्षांत मला कुणी चोर म्हटलं नाही," असं तो म्हणाला.

"मी खंय म्हटलंय? काटो बोलतलो. मी गप."

काटा बोलला. सिलिंडरवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन आणि आतला गॅस, दोन्हींची बेरीज तंतोतंत जुळली. फिलूबायनं त्याला बसवलं, चहा दिला, वर केळं दिलं. तो खुश झाला. जाताना म्हणाला, "आता पटली ना खात्री?"

"आजच्या सिलिंडराची पटली," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात तोच माणूस आला आणि त्यानं सिलिंडर स्वतःच काट्याला लावला.

पण तिचा संशय नेहमी खरा ठरे असं नव्हे. एका पावसाळ्यात खाडीच्या बाजूच्या तिच्या माडांखालचे नारळ नाहीसे होऊ लागले. सुशीलाचा नवरा पहाटे त्याच वाटेनं होडीकडे जाई. फिलूबायनं भर बाजारात त्याला अडवून विचारलं. तो गरीब माणूस मान खाली घालून निघून गेला. पुढच्या अमावास्येच्या भरतीला मीच बघितलं, पाणी माडांच्या बुंध्यापर्यंत चढलं आणि तीन नारळ डुलत डुलत खाडीत निघून गेले. मी तिला सांगितलं. मग त्याच बाजारात, त्याच जागी, तिनं सुशीलाच्या नवऱ्याला थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक माजी. खाडयेन नेल्यान, नाव तुजा घेतलंय." त्यानंतर सुशीला तिच्याशी पुन्हा बोलू लागली. पण पूर्वीसारखी नाही. जे बोलायचं ते तोलून बोलायची.

लीनाचा फोन रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर यायचा. फिलूबायला फोनचा आवाज मोठा लागे, त्यामुळे तो मलाही ऐकू यायचा. एका रविवारी लीना गॅसच्या बिलाबद्दल बोलत होती. तिकडे घर गरम ठेवायला गॅस जाळावा लागतो, आणि त्या बिलात कार्बन टॅक्स म्हणून वेगळी ओळ असते. दरवर्षी ती ओळ थोडी वाढते.

"कसलो टॅक्स?"

"धुराचो, मम्मी. गॅस जाळलो की हवेत कार्बन जाता. त्येचे पैशे सरकार घेता. म्हणजे लोक कमी जाळतले."

"मगे तू कमी जाळतंस?"

"थंडी आसा गो. कसा कमी जाळू?"

फिलूबायनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "धूर सोडलो म्हणान पैशे," ती म्हणाली. "आमी बोर्डिंगात सोडलेलो धूर मोजल्यार जुज्याचा घर गेला असता." ती हसली, मीही हसले. त्या वेळी आम्हा दोघींनाही वाटलं नाही, की हे प्रकरण आमच्या वाडीपर्यंत पोचेल.

ते पोचलं आणि तेही माझ्याच हातानं. मालवणात एका संस्थेला बायका हव्या होत्या. घरोघरी जाऊन माहिती भरायची आणि कमी धुराच्या लोखंडी चुली वाटायच्या. चूल फुकट. मला फॉर्ममागे मोबदला होता. पावसाळ्यात आमची बोट चार महिने किनाऱ्यावर उलटी पडलेली असते, त्यामुळे मला काम हवंच होतं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून आलेले समन्वयक साहेब चांगले बोलायचे. चुलीमुळे लाकूड कमी जळेल, झाडं वाचतील, बायकांच्या छातीतला धूर कमी होईल. सगळं मला पटलं. सुशीलाचा खोकला तर मी रोज ऐकतच होते.

पहिली चूल मी फिलूबायकडे नेली. तिनं पुढचा दरवाजा न उघडता खिडकीतून विचारलं, "कितक्याक?"

"फुकट."

"फुकट म्हणजे कोण भरता?"

"कंपनी भरते. परदेशातून पैसे येतात."

"परदेशातल्या माणसाक माजी चूल कशी ठाव?"

तिनं चूल आत घेतली, पण सहीचा कागद घडी करून शर्टाच्या खिशात टाकला. "बघतंय आदी," म्हणाली.

मग तिनं पंधरा दिवस त्या चुलीची परीक्षा घेतली. एक दिवस जुन्या चुलीवर पेज, एक दिवस नव्या. लाकूड काट्यावर तोलून. मी रोज विचारायची आणि ती रोज "थांब" म्हणायची. सोळाव्या दिवशी तिनं मला बोलावलं. चूल पडवीत होती, आत लहान ढलप्या जळत होत्या आणि धूर खरोखरच कमी होता.

"चूल बरी आसा," ती म्हणाली. तिच्या तोंडून एखाद्या वस्तूबद्दल हे ऐकायची सवय मला नव्हती. "लाकूड कमी लागता. डोळे झोंबनत नाय. पण वैजू, माडाची झावळां हेच्यात जायनत नाय. बारीक तोडून घालूची लागतत. आणि आमी तर झावळां आणि नारळाची सोडणांच जाळतांव. माडाची पडलेली. झाड कोण तोडता हंय? मगे माज्या चुलीन कोणाचा झाड वाचला?"

मी म्हटलं, "ते सगळीकडचं एकत्र धरतात."

"एकत्र धरला की माजा खोटा पण खपता," ती म्हणाली, आणि तिनं खिशातून दोन कागद काढले.

एक होता सहीचा. तो इंग्रजीत होता. तिनं त्याचा फोटो लीनाला पाठवला होता आणि लीनानं तो वाचून दाखवला होता. चुलीमुळे जेवढा धूर कमी होईल त्याचे सगळे हक्क मी, लाभार्थी, कंपनीला देत आहे, पुढे कधीही त्यावर दावा सांगणार नाही, असं त्यात होतं. तो कमी झालेला धूर कंपनी बाहेरदेशी विकणार होती. तिकडे ज्यांना जास्त धूर सोडायचा आहे ते तो विकत घेणार होते. प्रशिक्षणात आम्हाला यातलं एक वाक्यही सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मीही तो कागद वाचला नव्हता.

दुसरा कागद माहितीच्या फॉर्मची प्रत होती. लाभार्थी म्हणून तिला दिलेली. ती तिनं माझ्यासमोर धरली. 'घरात गॅस आहे का?' याच्यापुढे 'नाही' वर खूण होती. 'तिन्ही वेळचा स्वयंपाक लाकडावर' याच्यापुढे 'होय'. रोज किती लाकूड लागतं, तिथे भला मोठा आकडा होता.

"ह्या अक्षर कोणाचा?"

अक्षर माझं होतं. समन्वयक साहेबांनी सांगितलं होतं, की घरोघरी विचारत बसलात तर महिना जाईल. आकडे सगळीकडे सारखेच येतात, वरून आलेले भरा. गॅस असला तरी बायका तो जपूनच वापरतात, तेव्हा 'नाही' लिहिलं तरी चालेल. मी अख्ख्या वाडीचे फॉर्म दोन दुपारींत भरले होते. तिचाही. जिच्या पडवीत सिलिंडर तोलताना मी कितीदा उभी होते, तिच्या घरात गॅस नाही असं मी लिहिलं होतं.

मी म्हटलं, "माझं."

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. कागदाची घडी घालत म्हणाली, "जुजे गेलो तेवा बोटीच्या एजंटान मुंबयक बोलावल्यान. चा पाजल्यान, रडलो पण माज्यावांगडा. मगे कागद पुढे केल्यान, इंग्रजीतलो. मी सही केलंय. माका वाटला पैशे मेळाल्याची सही. सहा महिन्यांनी फादरांनी वाचलो तेवा कळला, पुढे काय एक मागूचा नाय असा लिवन दिलंय मी." ती थांबली. "तो एजंट वायट नव्हतो गो. तेणापण वाचूक नसतलो कदाचित. तुज्यासारखो."

एवढी वर्षं शेजारी राहून ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चुलींचं वाटप पंचायतीच्या हॉलमध्ये होणार होतं. आमच्या वाडीतल्या बहुतेक बायकांच्या सह्या व्हायच्या बाकी होत्या. हॉलमध्ये चुलींच्या थप्प्या लागल्या होत्या. सुशीला सगळ्यांत पुढे बसली होती, पदर तोंडाला लावून. साहेब बोलायला उभे राहिले आणि फिलूबाय मागून उठली. रविवारचा चांगला ड्रेस घालून आली होती. साहेबांशी ती स्वच्छ शाळेतल्या मराठीत बोलली. बोर्डिंगात फादरांशी बोलून ती भाषा तिच्या तोंडी बसली होती.

"साहेब, चूल चांगली आहे. मी वापरून बघितली. माझे तीन प्रश्न आहेत. या कागदात आम्ही काय देतो, ते मराठीत का नाही?"

साहेबांनी सांगितलं, ती आंतरराष्ट्रीय पद्धत आहे.

"चूल मोडली तर दुरुस्तीला कोण येणार, ते कागदात कुठे आहे?"

ते म्हणाले, आमची माणसं असतातच.

"माणसं असतात. कागदात नाहीत. तिसरा प्रश्न. माझ्या घरात गॅस आहे. तुमच्या फॉर्ममध्ये नाही. हे कुणी लिहिलं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. फिलूबायनं माझ्याकडे बघितलं नाही. तिला माझं नाव घ्यायचं नव्हतं, हे मला समजत होतं. मी उठले आणि म्हटलं, "मी लिहिलं. आकडे वरून आले होते. सगळ्यांच्या फॉर्मवर तेच आहेत."

साहेब वाईट होते असं मला आजही वाटत नाही. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "बाई, ही चूल फुकट होत नाही. धूर विकला जातो म्हणूनच तुम्हाला चूल मिळते. तो हक्क तुमच्याकडे ठेवून तुम्ही करणार काय? तुम्हाला तो विकता येणार आहे का?"

"नाही," फिलूबाय म्हणाली. "पण विकताय ते आम्हाला सांगून विका. माझी मुलगी तिकडे धुराचे पैसे भरते. इकडे माझ्या धुराचे पैसे तुम्ही घेता. दोन्हीकडे चूल आमचीच पेटते. मधले कागद तेवढे आम्ही बघितलेले नाहीत."

साहेब म्हणाले, मराठी कागद आणि दुरुस्तीची ओळ यासाठी त्यांना वर विचारावं लागेल. फिलूबाय म्हणाली, विचारा, आम्ही थांबतो. चार बायका तिच्या बाजूनं बोलल्या, मग आणखी चार. दुपारपर्यंत साहेबांचे फोन चालले, पण वरून होकार आला नाही. मग टेम्पो आला आणि चुलींच्या थप्प्या पुन्हा त्यात चढल्या. आमची वाडी यादीतून निघाली. माझं कामही त्याच दिवशी संपलं.

फिलूबायनं आपली परीक्षेची चूलही टेम्पोत ठेवली. सही केलेली नाही तर ठेवायची कशी, असं तिचं म्हणणं. सुशीला टेम्पोशेजारी उभी राहून ते बघत होती. ती फिलूबायला म्हणाली, "तुजा खरा झाला. माजो खोकलो तसोच रवलो. तुज्याकडे गॅस आसा, तुका काय."

फिलूबायला उत्तर न सुचलेलं मी तेव्हाच बघितलं.

वाडीत तिच्याशी बोलणं कमी झालं. फुकटची चूल हिनं घालवली, असं लोक उघड म्हणू लागले. हिला दुसऱ्या कंपनीनं पैसे दिले असतील, असंही कुणी म्हणालं. आयुष्यभर लोकांवर संशय घेणारी बाई आता लोकांच्या संशयात आली. तिला ते कळत होतं. मासे घ्यायला ती आता बाजार उठायच्या वेळी जाऊ लागली.

नंतरच्या आठवड्यात एका सकाळी मला सुशीलाच्या घरून ठोकाठोक ऐकू आली. गेले तर फिलूबाय शिडीवर. खाली एक गवंडी, हातात पत्र्याची नळी. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात धुराडं होतं, त्याचं माप तिच्या डोक्यात होतं. सुशीलाच्या चुलीवर तसंच धुराडं बसवायचं चाललं होतं. सुशीला दारात हात बांधून उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ही हेच्यात काय घेतली गो? कसल्या कागदार सही मागूची नाय मा?"

मी म्हटलं, "तूच विचार."

तिनं विचारलं. फिलूबाय शिडीवरूनच म्हणाली, "बरा केलंस विचारलंस ता. काय घेवचंय नाय. चूल मी आडयलंय, मगे माकाच कायतरी करूक होया."

धुराडं पहिल्या दिवशी उलटाच धूर मारू लागलं. समुद्राचा वारा त्यात शिरत होता. तिनं ते उतरवलं, वर पत्र्याची टोपी करून घेतली आणि पुन्हा बसवलं. मग बरं चाललं. खोकला गेला नाही, पण कमी झाला. सुशीला ओलं लाकूड जाळत राहिली तरी पूर्वीइतकी खोकत नव्हती. तिनं फिलूबायचे आभार कधी मानले नाहीत. एका दुपारी माशांचं तिखलं करून वाटीभर तिच्याकडे पाठवलं. फिलूबायनं वाटी नाकाजवळ नेली, वास घेतला आणि माझ्यासमोर ते सगळं खाल्लं.

दीडेक वर्षानं दुसरी माणसं आली. ती त्याच कंपनीची होती की वेगळ्या, कुणाला नीट कळलं नाही. चुली जवळजवळ तशाच. पण कागद मराठीत होता. कमी झालेल्या धुराचा हक्क कंपनीला जाईल, ती तो विकेल आणि त्यातून चुलीचा खर्च निघेल, असं त्यात सरळ लिहिलं होतं. चूल बिघडली तर कुणाला फोन करायचा, तेही होतं. गॅस आहे का, हे मुली घरात येऊन, बघून लिहीत होत्या. हे सगळं फिलूबायमुळे झालं, असं मी म्हटलं. तिला ते मान्य नव्हतं. "माज्यासाठी कोण कागद बदलता? दुसरीकडे कायतरी भानगड झाली आसतली," ती म्हणाली.

तो कागद तिनं चार दिवस ठेवून घेतला. पाचव्या दिवशी सुशीलाच्या घरी गेली. मीही तिथेच होते. सुशीला पेन हातात धरून तिची वाट बघत बसली होती. ज्या बाईनं तिची चूल घालवली होती, तिच्यासाठी ती थांबली होती.

"तू कर सही," फिलूबाय म्हणाली. "वाचलंय मी सगळा. तू काय देतंस ता लिवलेला आसा. काय मेळतला ता पण लिवलेला आसा. देवचा तर ठाव आसान दी."

"आणि तू?"

"मी नाय करूचंय. माका गॅस आसा. तुज्या वाट्याची चूल मी कित्या घेव?"

सुशीलानं सही केली. हळूहळू, एकेक अक्षर काढत.

त्यानंतर फिलूबाय फार दिवस इथे राहिली नाही. लीनाला दिवस गेले आणि आईनं यावं म्हणून ती मागे लागली. फिलूबाय गेली आणि परत आली नाही. तिकडच्या दुसऱ्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. लीनानं फोनवर सांगितलं, की मम्मी घरात कोट घालून बसायची, कितीही सांगितलं तरी हीटर लावू द्यायची नाही. त्या थंडीत बिल निम्म्यावर आलं होतं. हे सांगताना लीना रडत होती. मी तिला म्हटलं, की तुझी आई कुणाचं ऐकणारी नव्हती, दोष स्वतःकडे घेऊ नकोस. ती म्हणाली, "पण मी त्या बिलाबद्दल तिला सांगितलंच कशाला?"

मी तिला शेवटचं बघितलं ते ती निघाली त्या सकाळी. गोव्याच्या विमानतळावर जायला गाडी दारात उभी होती. बॅगा चढल्या होत्या. तिनं घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी वाट बघत राहिले, की आता ती काहीतरी बजावेल, मोजून दाखवेल, निदान दम तरी देईल. जिनं तिच्या घराबद्दल खोटं लिहिलं होतं, तिच्याच हातात ती घर देत होती. ती एवढंच म्हणाली, "म्हयन्यातसून एकदा दारां उघड गो. आत वारो जावंदे."

मग ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. ड्रायव्हर कुडाळचा, अनोळखी. त्यानं गाडी सुरू केली तशी तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"लायसन दाखय."

तो हसला. ती हसली नाही. त्यानं खिशातून कार्ड काढून दिलं. तिनं ते हातभर लांब धरून वाचलं, फोटोकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, उलटून मागची बाजू वाचली आणि परत दिलं. गाडी सुरूच्या झाडांखालून तारकर्लीच्या रस्त्याला लागली. मी हात हलवत होते. तिनं मागे वळून बघितलं नाही. मान किंचित वाकडी करून ती गाडी किती वेगानं चालली आहे, ते काट्यावर बघत होती.